काळ्या वहीतले प्रश्न : धरमपेठेतल्या एका संमोहन उपचार केंद्राच्या वेबसाइटचं प्रकरण

केंद्र चालवणाऱ्या मॅडमचा पहिला फोन आला तेव्हा तक्रार एका वाक्याची होती. "वेबसाइट आहे, फोनही येतात, पण भलत्याच लोकांचे येतात."

वेबसाइटचं काम करणाऱ्याला असा फोन दर महिन्याला येतो. बहुतेक वेळा प्रकरण रंग बदलून आणि नवा लोगो लावून मिटतं. मीही कोटेशनचा आकडा मनात जुळवतच गेलो. नागपूरच्या धरमपेठेतली जुनी इमारत, खाली मेडिकल स्टोअर, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या, खिडकीत कूलर, एक टेबल. टेबलावर फोन आणि काळ्या पुठ्ठ्याची लांबट वही. आतल्या खोलीत दोन आरामखुर्च्या, पडदा आणि पाण्याची बाटली. ज्याची कल्पना करून लोक घाबरतात, तो पलंग कुठेच नव्हता.

मॅडम मानसशास्त्रात एमए. बरीच वर्षं समुपदेशक म्हणून काम केलं, मग संमोहन उपचाराचं प्रशिक्षण घेतलं. डॉक्टर नाहीत आणि तसं म्हणवूनही घेत नाहीत. येणारे मात्र सवयीने "डॉक्टर" म्हणतातच.

"भलत्याच म्हणजे कशा?" मी विचारलं.

मॅडमनी रिसेप्शनवरच्या ताईंकडे पाहिलं. ताईंनी वही माझ्याकडे फिरवली. फोन आला की तारीख, गाव आणि माणूस काय म्हणाला ते एका ओळीत लिहायचं, ही त्यांची स्वतःची पद्धत. कुणी सांगितलेली नव्हती. त्या पानावर होतं: नवरा दुसऱ्या बाईच्या नादी, वश होईल का. प्लॉटची भाऊबंदकी, समोरच्याचं मन वळेल का. घरात चोरी, चोर कळेल का. मुलगी त्या पोराला विसरेल का.

"दादा, रोज असे दोन-तीन त असतेच," ताई म्हणाल्या. "एक जण त म्हणे, फोटो पाठवतो, फोटोवर होते का जी?"

ती वही मी घरी मागून नेली. पुढचं सगळं काम तिच्यातून निघालं, पण तेव्हा हे मला कळलेलं नव्हतं. मी आधी वेबसाइटच उघडून बसलो.

साइट उघडायलाच वेळ लागत होता. पहिल्या पडद्यावर गरगर फिरणारं काळं-पांढरं चक्र होतं, काही एमबींची एकच जीआयएफ. बासरी आपोआप वाजायला लागायची. बसमध्ये बसून कुणी चोरून साइट उघडली तर त्याची काय अवस्था होत असेल! चक्रावर साखळीचं घड्याळ झुलत होतं आणि खाली इंग्रजीत वाक्य होतं, तुमच्या अंतर्मनातल्या अमर्याद शक्तीचं कुलूप उघडा, अशा अर्थाचं. त्याखाली संमोहनाचा इतिहास, अठराव्या शतकातल्या मेस्मर या डॉक्टरपासून सुरू करून चार पानं. तो कुठून तरी जसाच्या तसा उचललेला होता, हे एक ओळ गूगलला टाकताच दिसलं. फोन नंबर एकदम तळाशी, तोही चित्रात, म्हणजे त्यावर बोट ठेवून फोन लागत नव्हता.

हे सगळं वाईट होतं, पण यातल्या कशामुळेही कुणी फोटोवर संमोहन करून मागणार नाही.

पांढऱ्यावर पांढरं

उत्तर अपघाताने सापडलं. पानावरचा मजकूर कॉपी करायचा म्हणून मी सगळं सिलेक्ट केलं आणि तळाच्या रिकाम्या पांढऱ्या पट्टीत निळ्या ओळीमागून निळ्या ओळी उमटल्या. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत कुणीतरी परिच्छेद लिहून ठेवला होता. वशीकरण स्पेशालिस्ट नागपूर, लव्ह प्रॉब्लेम सोल्युशन, पती वश, सौतन से छुटकारा, वशीकरण वर्धा, वशीकरण भंडारा, वशीकरण छिंदवाडा.

मॅडमना दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग आठवलं. दोन-एक वर्षांपूर्वी "पहिल्या पानावर आणून देतो" म्हणणाऱ्या एकाला त्यांनी सहा महिन्यांचं पॅकेज दिलं होतं. त्याने "संमोहन" हा शब्द घेतला, त्याच्या शेजारी बाजारात कोणते शब्द चालतात ते पाहिलं आणि सगळे भरून टाकले. त्याच्या लेखी संमोहन आणि वशीकरण हे एकाच दुकानातले दोन डबे. कोडच्या वरच्या भागात कीवर्डची वेगळी यादीही होती. ती निरुपयोगीच, कारण गूगलने २००९ सालीच सांगून टाकलं आहे की क्रम ठरवताना ती यादी आपण पाहत नाही. लपवलेला मजकूर मात्र गूगलच्या नियमांत सरळ सरळ फसवणुकीत मोडतो आणि साइट शोधातून बाहेर फेकली जाऊ शकते.

सर्च कन्सोल हे गूगलचं साधन कुणीतरी आधीच साइटला जोडून ठेवलेलं होतं, ही एक बरी गोष्ट. त्यात मागच्या १६ महिन्यांपर्यंत दिसतं की लोकांनी काय शोधलं तेव्हा आपली साइट समोर आली. वरच्या ओळींत वशीकरणच होतं. खाली खाली गेलं की दुसरी माणसं दिसायची. रोमन अक्षरांत मराठी लिहिणारी माणसं: झोप येत नाही उपाय, पेपरची भीती, खर्रा कसा सोडायचा. ही आपली माणसं होती आणि ती शोधयादीच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर आपल्याला हुडकत होती.

ती पट्टी त्याच दिवशी काढली. जास्त वेळ गेला तो फुकट जाहिरातींच्या यादीस्थळांवर. त्याच माणसाने तिथे केंद्राचं नाव ज्योतिष आणि वशीकरणाच्या वर्गात घातलं होतं, स्वतःच्या ईमेलवरून. काही ठिकाणी एका विनंतीत नाव निघालं, काही ठिकाणी आठवडे लागले, एका ठिकाणी अजून आहे. गूगलच्या व्यवसाय प्रोफाइलवर हिप्नोथेरपीचा स्वतंत्र वर्ग आहे, तो निवडला. नकाशावरची खूणही मागच्या गल्लीत पडली होती, ती पुढच्या दारावर आणली.

वही वाचताना

वशीकरणाच्या ओळी बाजूला काढल्यावर वहीत जे उरलं ते मी दोन संध्याकाळी बसून वाचलं. ताईंचं अक्षर तिरकं आहे, पण माणूस काय म्हणाला ते त्या त्याच्याच शब्दांत लिहितात. ती वाक्यं मी कुठल्याही सर्वेक्षणाने मिळवू शकलो नसतो.

"झोपेत मी काई बोलून त नाई ना जाणार?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पानावर. बायका विचारत: दार बंद असते का, सोबत कोणी बसले तर चालते का. पुरुष विचारत: किती वेळा यावं लागेल, एका बारीत होत नाही का. तुमसरहून एक जण: जागाच नाही झालो तर? एक आई: पोराला सांगायचं नाही, तुम्ही नुसतं बोलता बोलता करून टाका, मोबाइल सुटला पाहिजे. गोळ्या चालू आहेत, बंद कराव्या लागतील का. बिल्डिंगमध्ये बोर्ड लागलेला आहे का, कुणी ओळखीचं पाहील. आणि फी. फीचा प्रश्न सगळ्यात शेवटी, आवाज खाली करून विचारला जातो, हे ताईंनी तोंडी सांगितलं.

साइटवर यातल्या एकाचंही उत्तर नव्हतं. तिथे मेस्मर होता.

मग मी मॅडमना म्हटलं, साइटचा मजकूर तुम्ही लिहू नका आणि मीही लिहीत नाही. तुम्ही माझ्या आईला समजावून सांगा, मी रेकॉर्ड करतो. आईला संमोहनाबद्दल काही माहिती नाही आणि कुणाची भीड पडत नाही, हे दोन्ही इथे कामाचं होतं. रविवारी सकाळी मॅडम घरी आल्या, तर्रीपोहे झाले, आणि आईने पहिलाच प्रश्न टाकला.

"म्हणजे अंगात आल्यासारखं होतं का?"

मॅडम हसल्या नाहीत. "नाही काकू. अंगात येतं तेव्हा बाई म्हणते, मला काही ठाऊक नाही, देवी बोलली. इथे तुम्हाला सगळं ठाऊक असतं. माझा आवाज ऐकू येतो, खाली फाटक वाजलं तर तेही ऐकू येतं. नाक खाजलं तर खाजवता येतं."

"मग त्यात संमोहन काय राहिलं?"

"तुम्ही पोळ्या करताना रेडिओवरचं गाणं ऐकता आणि चार पोळ्या कधी झाल्या कळत नाही ना? मन एका गोष्टीत गेलेलं असतं. तसंच मुद्दाम, ठरवून करायचं. त्या वेळी सांगितलेलं मनात जरा चांगलं रुजतं. पण तुम्हाला नको ते मी सांगितलं तर तुम्ही डोळे उघडून मलाच विचाराल, हे काय चाललंय."

सव्वा तासाच्या त्या रेकॉर्डिंगमधून पहिल्या पानाचा मजकूर निघाला. कुलूप आणि अमर्याद शक्ती गेली. आता तिथे आहे: "संमोहन म्हणजे झोप नाही आणि बेशुद्धीही नाही. तुम्ही जागे असता, माझं बोलणं ऐकत असता, वाटलं तेव्हा डोळे उघडू शकता. सांगायचं नसेल ते तुमच्या तोंडून निघत नाही." पोळ्यांचं उदाहरण मी ठेवणार होतो, मॅडम म्हणाल्या, पुरुष वाचतील तर हसतील. मग गाडी चालवताना घरी कधी पोचलो ते कळलं नाही, हे उदाहरण घातलं. मला अजूनही पोळ्यांचंच बरं वाटतं.

चार पानांच्या इतिहासातलं एकच वाक्य शिल्लक राहिलं, तेही "झोप नाही" याच्या आधाराला. हिप्नॉटिझम हा शब्द १८४० च्या दशकात जेम्स ब्रेड या स्कॉटिश शल्यवैद्याने झोपेच्या ग्रीक देवतेच्या नावावरून रूढ केला. ही झोप नव्हे हे पुढे त्याच्या स्वतःच्याच लक्षात आलं आणि १८४७ मध्ये त्याने एकाच कल्पनेवर मन एकवटणं अशा अर्थाचा दुसरा शब्द सुचवला. पण पहिला शब्द चिकटला तो चिकटला. बाकी मेस्मर, त्याच्या दाव्यांची १७८४ ची पॅरिसमधली चौकशी, हुगळीला संमोहनाखाली शस्त्रक्रिया करणारा एस्डेल, सगळे रजेवर गेले.

काय काढायचं यावरून झालेली भांडणं

जुन्या साइटवर "आम्ही बरे करतो" या मथळ्याखाली आजारांची यादी होती. मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा, फिट, मूल न होणं. मॅडमचा स्वतःचा असा दावा नव्हता, पॅकेजवाल्यानेच ती भरली होती, पण नाव तर त्यांचंच खाली होतं. औषधं आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबद्दलचा १९५४ चा केंद्रीय कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत ५४ आजारांची नावं आहेत आणि ही पाचही त्यात कुठल्या ना कुठल्या शब्दांत येतात. कायद्यातल्या जादुई उपायांच्या व्याख्येत तावीज, मंत्र, कवच अशी नावं घेतली आहेत. संमोहन उपचार तिथे बसतो का, यावर वकिलांनी खुशाल वाद घालावा. ज्या बाईच्या साइटच्या तळाशी कालपर्यंत वशीकरण लिहिलेलं होतं तिने तो वाद ओढवून घेऊ नये, एवढंच माझं म्हणणं होतं. यादी एका बैठकीत गेली.

त्या जागी काय, हा प्रश्न अवघड होता. मॅडमनी स्वतःच तीन ढीग केले. एक, ज्यासाठी लोक खरंच येतात आणि फरक पडताना त्यांनी पाहिला आहे: परीक्षेची भीती, चारचौघांत बोलण्याची भीती, इंजेक्शनची भीती, झोप. दोन, जिथे आधी डॉक्टर आणि मग त्या. आयबीएस, म्हणजे आतड्यांच्या जुनाट त्रासाबद्दल ब्रिटनच्या नाइस या सरकारी आरोग्य संस्थेने २००८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. १२ महिने औषधं घेऊनही फरक न पडलेल्यांसाठी जे मानसोपचार त्यात सुचवले आहेत, त्यांत संमोहन आहे. म्हणून साइटवर लिहिलं: पोटाच्या डॉक्टरांचे कागद सोबत आणा, औषध आमच्या सांगण्यावरून थांबवू नका. तीन, जिथे त्या हात लावत नाहीत: कानात आवाज येणं, कुणीतरी पाळत ठेवतंय असं वाटणं, असा त्रास असलेली माणसं. त्यांना मनोविकारतज्ज्ञाकडेच जायला हवं.

पहिला ढीग लिहून झाल्यावर मला त्यात सिगारेट दिसली. जुन्या साइटवर तुटलेल्या सिगारेटचा फोटो होता आणि "एका सत्रात मुक्ती". वहीत सिगारेट चुकूनच. तिथे पानोपानी खर्रा. नागपुरात, चंद्रपुरात राहणाऱ्याला सांगायला नको: सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटायचा आणि दिवसभर गालात. फोटो काढला आणि मथळ्यात "खर्रा" लिहिलं. एका सत्राचं वचनही काढलं, कारण धूम्रपानाबाबत, वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेचा २०१९ चा आढावा सांगतो की संमोहन इतर उपायांपेक्षा सरस आहे असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. मॅडमना हे फारसं आवडलं नाही. त्यांच्याकडे सोडलेली माणसं आहेत. मी म्हटलं, असतील, पण वचन द्यायला नको. शेवटी "मदत होऊ शकते, हमी नाही" यावर तह झाला आणि शेजारी तंबाखू सोडण्याच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा मोफत नंबर आला, १८००-११-२३५६.

खरं भांडण पूर्वजन्मावरून झालं. प्रशिक्षणात त्यांना तेही शिकवलेलं होतं, त्याला मागणी असते आणि फीही जास्त मिळते. मॅडमना एक वेगळं पान हवं होतं. मी म्हटलं, ते पान मी लिहिणार नाही, दुसऱ्याकडून लिहून घ्या. आठवडाभर फोन नाही. मला वाटलं काम गेलं. मग त्यांनी एक ओळ पाठवली आणि ती प्रश्नोत्तरांत घालायला सांगितली: "संमोहनात दिसलेलं चित्र हा घडलेल्या गोष्टीचा पुरावा नसतो, मग ती मागच्या जन्मातली असो की मागच्या महिन्यातली चोरी." वहीतला चोर आणि पूर्वजन्म दोन्ही एका वाक्यात निकालात. असं वाक्य मला सुचलं नसतं.

तुटलेली शिरोरेषा

मराठी मजकूर जुन्या थीममध्ये चढवला आणि मथळा असा दिसायला लागला: सं मो ह न. प्रत्येक अक्षर स्वतःची टोपी घालून वेगळं उभं. थीम इंग्रजी कॅपिटल अक्षरांसाठी केलेली होती, मथळ्यात दोन अक्षरांत मोकळी जागा सोडण्याची सूचना होती. इंग्रजीत ते ऐटदार दिसतं, देवनागरीत शिरोरेषा तुटते. ती सूचना शून्यावर आणली. ओळींमधलं अंतरही इंग्रजीच्या मापाचं, त्यामुळे "भीती"ची वेलांटी वरच्या बाजूने छाटली जात होती. ते वाढवलं. मुक्ता हा फाँट घेतला, मुंबईच्या एक टाइपचा. मोफत आहे आणि स्वस्त फोनवरही जाड-बारीक नीट दिसतो. मजकुराचा फिकट राखाडी रंग पार्श्वभूमीशी २.८५ ला १ एवढाच उठून दिसत होता, तो किमान ४.५ ला १ असावा लागतो. गडद केला. धरमपेठेच्या उन्हात उभं राहून फोन वाचणाऱ्याला हे आकडे माहीत नसले तरी फरक कळतो.

एक मराठी पान आधीपासून होतं, पण ते डीटीपीवाल्याकडून जुन्या फाँटमध्ये टाइप करून चित्र म्हणून चिकटवलेलं. गूगलच्या लेखी तो फोटो. पुन्हा युनिकोडमध्ये टाइप केलं. चक्र आणि बासरी गेली, घड्याळ गेलं, त्या जागी त्याच खोलीचा सकाळच्या उजेडातला फोटो आला, हलका करून. खुर्च्या, खिडकी, उघडं दार. पान आता अडीच सेकंदांच्या आत दिसायला लागतं. बाकी होस्टिंग, सुरक्षा प्रमाणपत्र, बॅकअप, नेहमीची कामं.

शेअर केलेला फोन

जुन्या फॉर्ममध्ये "तुमची समस्या" हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. भरलेलं सगळं साध्या ईमेलने एका जुन्या खात्यावर जात होतं, ज्याचा पासवर्ड पॅकेजवाल्याकडेही होता. मी तो फॉर्मच काढला. साइटवर येणाऱ्यांचा माग काढणारा फेसबुकचा कोडही होता. म्हणजे एखादीने दुपारी झोपेबद्दलचं पान वाचलं की संध्याकाळी नवऱ्याच्या हातात असलेल्या त्याच फोनवर केंद्राची जाहिरात. तोही काढला. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण इथे कायद्याआधी घर येतं.

व्हॉट्सॲपच्या बटणावर आम्ही दोन दिवस घालवले, हे कुणाला हास्यास्पद वाटेल. बटण दाबलं की एक मजकूर आधीच लिहून येतो. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, "मला संमोहन उपचारासाठी भेट हवी आहे." ताईंनी वाचून मान हलवली. "हे घरच्यानं पाहिलं त? फोन पोरांच्या हातात असते दादा." आता तिथे फक्त आहे, "नमस्कार, भेटीची वेळ हवी आहे." खात्याच्या नावातही संमोहन शब्द नाही. मॅडमचं आडनाव आणि "समुपदेशन", एवढंच.

साइटवरचे अभिप्राय सगळे काढले. पैकी काही खोटे होते, हे मॅडमनाही ठाऊक नव्हतं. गूगलवर लोक स्वतःहून लिहितात ते राहू दिलं, पण उत्तर देण्याची पद्धत बदलली. एकाने पाच तारे देऊन दोन शब्द लिहिले होते आणि मॅडमनी आपुलकीने उत्तर दिलं होतं, तुमची परीक्षेची भीती गेली याचा आनंद आहे. त्याने परीक्षेचं नावही काढलेलं नव्हतं. ते उत्तर पुसून आता एकच ठरलेली ओळ जाते, आभाराची, तो इथे आला होता की नाही हेही न सांगणारी.

तळाशी, जिथे पूर्वी पांढऱ्यावर पांढरं होतं, तिथे काळ्या ठळक अक्षरांत टेलिमानसचा नंबर आहे, १४४१६. केंद्र सरकारची ही मोफत मानसिक आरोग्य हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून दिवसरात्र चालते. वर लिहिलं आहे: जीव नकोसा झाला असेल तर आमच्या वेळेची वाट पाहू नका.

त्यानंतर

फी छापायला मॅडम तयार नव्हत्या. "पळतील." मी म्हटलं, पळणारे फोनवर ऐकूनही पळतातच, ताईंची पाच मिनिटं वाचतील. सत्र किती मिनिटांचं, फी किती, साधारण किती वेळा यावं लागतं आणि कधी थांबायचं, हे सगळं एका परिच्छेदात छापलं.

पहिल्या दोन महिन्यांत फोन कमी झाले. मॅडम धास्तावल्या आणि मीही आतून जरा हललो. मग ताईंनी वही दाखवली. वशीकरणाच्या ओळी आठवड्यात एखाद-दुसरी, त्याही त्या न निघालेल्या यादीतून येणाऱ्या. बाकीच्यांचे प्रश्न बदलले होते. "बोलून जाईन का" फारसं नाही. त्याऐवजी: शनिवारी दुपारची वेळ आहे का, वर्ध्याहून गाडीने येऊन संध्याकाळी परत जाता येईल का, पहिल्या वेळी बहिणीला आत बसवलं तर चालेल ना, साइटवर तसं लिहिलंय. येणाऱ्यांची संख्या किती वाढली ते मी सांगणार नाही. एवढ्या लहान केंद्रात तो आकडा एका महिन्याच्या बोर्डाच्या परीक्षेनेही हलतो.

फसलंही बरंच. ऑनलाइन वेळ नोंदवायचं कॅलेंडर मी हौसेने बसवलं होतं. त्यावर नोंद करून लोक पुन्हा फोन करायचे, "झाली का जी नोंद?" महिन्याभराने काढून टाकलं. हिंदी पान मराठीवरून घाईत केलं, आणि छिंदवाड्याच्या एका बाईंनी ताईंना सांगितलं की ते वाचून काही कळत नाही. बरोबरच आहे, त्यासाठी कुणाच्या तरी हिंदी बोलणाऱ्या आईसमोर मॅडमना बसवायला हवं होतं. ते काम बाकी आहे.

मागच्या आठवड्यात वही पुन्हा पाहिली. साठीच्या पुढच्या तिघांनी एकच प्रश्न विचारला होता, आणि मी त्या इमारतीत वीस-पंचवीस वेळा चढून गेलो तरी मला तो कधी सुचला नव्हता. लिफ्ट आहे का? नाही. दुसरा मजला, पायऱ्या उंच, कठडा एकाच बाजूला. पत्त्याखाली ती ओळ टाकायची आहे, आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी मॅडम तळमजल्यावर कुठे बसू शकतील, ते मेडिकलवाल्या भाऊंना विचारायचं आहे.